सायकलीची वाटणी

आबांची, माझ्या वडिलांची, रॅले सायकल पडवीत उलटी उभी केली आहे. सीट आणि हँडल फरशीवर, चाकं आढ्याकडे. पंक्चर काढताना सायकल अशी ठेवतात. आज पंक्चर काढायचं नाही. ही सायकल अख्खी विकायची की सुटी, ते ठरवायचं आहे.

आतापर्यंत तिघं येऊन गेले.

पहिला नाशिक रस्त्यावर मिसळीचं हॉटेल चालवतो. त्याला अख्खी सायकल पाहिजे, भिंतीवर टांगायला. पिवळा रंग मारून घेणार आहे.

दुसरे पुण्याहून आले. जुन्या सायकली जमवतात. गुडघ्यावर बसून, मोबाइलचा उजेड पाडून अर्धा तास बघत होते. त्यांना चारच वस्तू हव्यात: पुढच्या नळीवरचा बिल्ला, चेनव्हील, अर्धं चेनकव्हर आणि घंटी. हॉटेलवाल्याने अख्ख्या सायकलीला जे सांगितले, त्याच्या दीडपट पैसे हे या चार वस्तूंना देतात.

तिसरा भंगारवाला. त्याने सायकल आमच्याच कांद्याच्या काट्यावर चढवली. २१ किलो भरली. अख्खी दिली काय आणि सुटी दिली काय, त्याचा भाव तोच.

*

तुकड्यांची बेरीज अख्ख्यापेक्षा जास्त भरते, हे आमच्या गावात, कुरुळीत, कुणाला शिकवावं लागत नाही. एकर एकगठ्ठा विकला तर एक भाव. त्याच एकराचे ४० गुंठे पाडून विकले तर दुसरा. मधल्या रस्त्यात गेलेली जमीन वजा करूनही दुसरा आकडाच मोठा.

शेताचे फार लहान तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला. तुकडे पडत राहिले. मग २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला. पहिल्या कायद्याला शेत दिसत होतं, दुसऱ्याला त्यावर उभी राहिलेली घरं. दोघांनाही दिसलं ते खरंच होतं.

सायकलीला कायदा नाही. इथे ज्याच्या दारात ती उभी, त्यानेच ठरवायचं.

*

सुट्याला जास्त पैसे का मिळतात?

अख्खी घेणाऱ्याला सायकल हवी असते, आणि सायकली पुष्कळ आहेत. बिल्ला घेणाऱ्याकडे बिल्ल्याची जागा रिकामी असते. तिथे दुसरं काही बसत नाही. तो वस्तूचे पैसे मोजत नाही, रिकाम्या जागेचे मोजतो.

नव्या वस्तूत जोडणीला किंमत असते. आमच्या भोवतीचा सगळा पट्टा त्यावर चालतो. चाकणला मर्सिडीजचा कारखाना आहे. तिथे बाहेरून भाग येतात आणि गाडी इथे जोडली जाते. तयार गाडी परदेशातून आणली तर आयात शुल्क जास्त, सुटे भाग आणले तर कमी. देशाचा हिशोब असा, की जोडणारे हात तरी आपले असावेत.

जुन्या वस्तूत जोडणीची मजुरी कधीच फिटलेली असते. तिथे किंमत उरते ती दुसऱ्याकडच्या उणिवेची.

म्हणून जुनी वस्तू सोडवून विकणाऱ्याला मी लोभी म्हणणार नाही. कुठेतरी कुणाची तरी सायकल क्रँकच्या एका कॉटरपायी भिंतीला टेकून उभी असते. ती चालती होणार असेल तर ही फुटली, याचं दुःख किती करायचं?

*

आबा सायकलीचा निघालेला भाग टाकत नसत. डालड्याच्या डब्यात ठेवत. डबा अजून आहे. काल तो फरशीवर ओतला. छर्रे, निपल, दगडासारखी कडक झालेली व्हॉल्व्ह ट्यूब, एका अंगाने झिजलेले तीन कॉटर, खड्डे पडलेला एक कोन, पाना लागून लागून गोल झालेले नट. डब्याच्या तळाशी तेलाचा काळा थर, त्यात बोटभर वाळू.

यातलं एकही आता कुठे लागणार नाही. पण आबांच्या तोंडी ‘भंगार’ हा शब्द नव्हता. ‘लागेल’ असा शब्द होता.

*

मोठ्या भावाला फोन केला. दादा म्हणाला, “आबांनी अख्खी घेतली होती, अख्खीच जाऊ दे.”

वाक्य मनाला पटलं. मग सायकलीशी येऊन बसलो आणि मोजायला लागलो.

आबांनी ही १९६१ साली पुण्यात घेतली, तीही जुनी. तेव्हा ते पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये लागले होते. १९५४ सालची कंपनी. आमच्याकडे तिला पेनिसिलीन कंपनीच म्हणत. कुरुळीहून मोशी, भोसरी, पिंपरी. जाऊन-येऊन तीस-बत्तीस किलोमीटर, पावसाळ्यातसुद्धा. एवढ्या फिरण्यात सायकल तीच कशी राहील? सीट तीनदा बदलली. मागची रिम लुधियानाची. पायडल कुठले ते सांगता येत नाही. डायनामो गेला, त्याची पट्टी तेवढी चिमट्याला राहिली. टायर-ट्यूब मोजायच्याच नाहीत.

आबांनी घेतलेल्यातलं उरलंय ते एवढं: फ्रेम, चिमटा, हँडल, क्रँक आणि चेनव्हील, चेनकव्हर, पुढचं चाक, घंटी.

लांबून पाहिलं की वस्तू अख्खी दिसते. हात लावला की दुरुस्त्या लागतात. दादा नाशिकला असतो, त्याला ती अख्खी दिसणारच. त्याचं प्रेम कमी नाही, अंतर जास्त आहे.

*

पुढच्या रिमला एक पोचा आहे. इंद्रायणीच्या पुलाअलीकडे रात्री खड्ड्यात आदळली, तेव्हाचा. आबांनी तो कधी काढून घेतला नाही. दर फेऱ्याला ब्रेकचा रबर तिथे एकदा घासायचा. खस्. मग उरलेला फेरा शांत. मग खस्.

सेकंड शिफ्ट करून आबा यायचे तेव्हा आधी तो आवाज वाड्याच्या वळणावर यायचा. आई चुलीत लाकूड सरकवायची. मग आबा यायचे.

आवाज कुठल्या भागाच्या यादीत लिहायचा?

*

चेनव्हील मी आत्ता पहिल्यांदा नीट पाहिलं. जन्मभर समोर होतं.

पत्र्यात बगळ्यांच्या माना कापलेल्या आहेत. रॅलेची खूण म्हणजे बगळ्याचं डोकं, बिल्ल्यावरही तेच. बीएसएच्या चेनव्हीलमध्ये ती तीन अक्षरं असत, हंबरच्यात हात धरून नाचणारी माणसं, रजच्यात हाताचा पंजा. अंधारात बोटं फिरवली तरी सायकल कुठली ते कळावं, असं काम.

चेन ओढतात ते दाते. बगळा काहीच ओढत नाही. तरी रॅलेच्या नॉटिंगहॅमच्या कारखान्यातल्या कुणा कारागिराने तो बसून काढला, डाय केली, हजारो पत्रे त्या डायमधून कापले. ज्याची गरज नव्हती, त्यावरच ओळख ठरली. आणि आज गिऱ्हाईक येतं ते त्या बगळ्यासाठी. फ्रेमने इतकी वर्षं वजन वाहिलं, तिच्याकडे पुण्याच्या पाहुण्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मला हे लागलं.

*

सुटं विकताना खरा हिशोब विकल्या गेलेल्या भागांचा नसतो. न विकल्या गेलेल्याचा असतो.

चार वस्तू गेल्या की उरलेलं धड भंगारवाल्याच्या काट्यावर जाणार. फ्रेम कुणी मागत नाही. मोठी असते, कुरियरवाला घेत नाही, घरात ठेवायला जागा लागते. पण सायकल म्हणून जिचा नंबर सीटच्या नळीपाशी ठोकलेला आहे, ती फ्रेमच. आबांची उंची, पाय टेकायची सवय, मला पुढच्या दांडीवर बसवलं तेव्हा हनुवटीखाली आलेलं हँडल, हे सगळं फ्रेमच्या मापात आहे.

भंगार म्हणजे नाव काढून घेतलेलं वजन. भंगारवाला वाईट माणूस नाही. उन्हातान्हात हातगाडी ओढतो. पूर्वी माल चिखली-कुदळवाडीला टाकायचा. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथल्या शेड पाडल्या, तेव्हापासून त्याला लांब जावं लागतं. त्याला मी दोष देत नाही. फ्रेम त्याच्यापर्यंत जाऊ देणारा मी असेन, तो नसेल.

*

मोशीचे मिस्त्री आले. वय झालंय, दुकान मुलाने मोबाइलचं केलंय. त्यांनी सायकल सरळ केली, मागचं चाक उचललं, पायडल एकदा फिरवलं आणि कान दिला.

“काय काय विकायचं तुम्हाला?”

मी सांगितलं.

त्यांनी बीबीच्या, म्हणजे पायडलचा एक्सल फिरतो त्या नळीच्या, कपावर अंगठा ठेवला. “हे सोडून काय ते विका. रॅलेचे आटे वेगळे असतात.”

इतर सायकलींना इथे एका इंचात २४ आटे. रॅलेला २६. बाजारातला कप या फ्रेममध्ये दोन फेरे चढेल आणि अडेल. जोर केलात तर आटे मरतील, फ्रेम कायमची गेली. आणि हा कप काढून दुसऱ्या फ्रेमला लावू म्हटलं, तर तिथेही तेच. कप फ्रेमशिवाय वाया, फ्रेम कपाशिवाय वाया. त्या कपात एक्सल, एक्सलवर कॉटरने ठोकलेली क्रँक, क्रँकला दाबून बसवलेलं चेनव्हील. चेनव्हील दुसऱ्या एक्सलवर चढवता येतं, पण मिस्त्री म्हणाले, “चेन तिरकी पळेल. पळेल हो. पण तिरकी.”

मग चाकांकडे बोट केलं. “ही मात्र जातील कुठेही.” अठ्ठावीस इंची, पुढे ३२ तारा, मागे ४०, कारण वजन मागे येतं. आपल्याकडच्या कुठल्याही काळ्या सायकलीला बसतात. सीट जाते. घंटी जाते. कॅरियर जातो.

पन्नास वर्षं सायकली उघडणाऱ्या माणसाला अख्खं आणि सुटं असे दोन शब्द पुरत नाहीत. तो पाना लावायच्या आधी विचारतो: कशाला कशाशिवाय करमणार नाही?

*

आमची वाटणी झाली तेव्हा शेत निम्मं निम्मं झालं. बांध पडला. घराच्या मधोमध भिंत आली. भांडी वाटली, बैल वाटले, आईच्या पाटल्यांतली एक इकडे एक तिकडे. सायकल कुणाच्या कागदावर नव्हती, ती राहिली माझ्या पडवीत.

विहीर वाटली नाही. सातबाऱ्यावर ती सामाईक लिहिली आणि पाण्याची पाळी ठरली. तीन दिवस दादाचे, तीन दिवस माझे. पुढे दादाने त्याचं शेत विकलं, तेव्हाही विहिरीतला हिस्सा कागदावर वेगळा लिहावा लागला. जमीन कापता येते. पाणी कापता येत नाही, त्याला पाळीच लावावी लागते.

पंच म्हणून आलेल्या म्हाताऱ्या माणसांचं शहाणपण दोरी धरण्यात नव्हतं. दोरी कुणीही धरतो. विहीर कुठे आहे, हे ते आधी बघत.

सायकलीची विहीर कुठे आहे ते मिस्त्रींनी अंगठा ठेवून दाखवलं.

*

रॅले कंपनीची स्वतःची वाटणी मात्र अशी झाली नाही.

१८८५ च्या सुमारास नॉटिंगहॅममध्ये रॅले नावाच्या रस्त्यावर हा धंदा सुरू झाला. पुढे स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब, ब्रुक्सची चामड्याची सीट, हे सगळं एका मालकीखाली आलं. २००० साली हब आणि सीटचे धंदे कापून वेगळे विकले गेले. घेणाऱ्याच्या हातात ते फार टिकले नाहीत. हबची यंत्रं आणि नाव तैवानला गेलं. ब्रुक्स इटलीच्या कंपनीने घेतली. रॅले हे नाव पुढे नेदरलँड्सच्या एका कंपनीकडे गेलं. कारखान्याच्या जुन्या जागेत विद्यापीठ आहे.

प्रत्येक भाग जिवंत आहे, कुठे ना कुठे चालतो आहे. नॉटिंगहॅममध्ये रॅले बनत नाही. तिथे विहीर कापली गेली.

*

हॉटेलवाल्याला मी मनातून आधीच नाही म्हटलं होतं. का, ते मग शोधलं.

भिंतीवरची सायकल अख्खी असते. तिच्यात हवा नसते. चेन एका जागी गंजून साखळदंडासारखी होते. तिच्याखाली बसलेला माणूस ‘पूर्वी किती छान होतं’ म्हणतो आणि तर्रीत पाव बुडवतो. त्याला ती रॅले आहे की हर्क्युलस, हे विचारावंसं वाटत नाही. ती तिथे सायकल म्हणून नसते, ‘जुनं’ म्हणून असते.

टांगून ठेवण्याला माझा विरोध नाही. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे. तिथल्या सायकलीही उभ्याच असतात, पण कुणाला तरी त्यांचं नाव, गाव, साल माहीत आहे. ओळखीने थांबणं निराळं, शोभेला थांबणं निराळं.

अख्खेपण भाग एकत्र असण्यात नाही, ते भाग एकमेकांच्या उपयोगी पडण्यात आहे. हे मला सायकलीने आधी सांगितलं असतं तर वाटणीच्या वेळी मी दादाशी कमी भांडलो असतो.

*

आमच्या मागच्या खोल्यांत कंपनीत जाणारी मुलं भाड्याने राहतात. त्यातला एक हिंगोलीचा. निघोज्याच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये प्रेसवर असतो. दिवसभर एकच ब्रॅकेट मारतो.

“कुठल्या गाडीला लागतो रे?”

“माहीत नाही काका. डब्यावर नंबर असतो.”

त्याला भागच दिसतो, गाडी दिसत नाही. आठ तास. मी पडवीत बसून एका सायकलीचं अख्खेपण तोलतो आहे आणि हा पोरगा रोज अशा एका अख्ख्या वस्तूसाठी राबतो जी त्याने पाहिलेली नाही. हे मला त्या दिवसाआधी सुचलं नव्हतं.

त्याची सायकल आळंदी फाट्याच्या गर्दीत आडवी झाली. पुढचं चाक पापडासारखं मुडपलं. आठवडाभर पायी जात होता. पडवीत उलटी रॅले बघून दारात घुटमळला.

“काका, तुम्ही ही सोडवून विकणार आहात असं ऐकलं. पुढचं चाक मला द्याल? पगार झाला की देतो पैसे.”

पुढचं चाक. पोच्याचं.

लगेच हो म्हणवलं नाही. उद्या सांगतो म्हटलं.

*

रात्रभर मी त्या चाकाला विहीर ठरवायचा प्रयत्न केला. ठरेना. चाकाला चिमट्याशिवाय करमतं. बत्तीस तारा, दोन कोन, वीस छर्रे, एक एक्सल. कुठल्याही चिमट्यात दोन नटांवर उभं राहतं. आवाज त्यात आहे, हे खरं. पण तो आवाज ऐकून चुलीत लाकूड सरकवणारी गेली. ऐकणारा एक मी उरलो. माझ्या एकट्याच्या कानासाठी एका माणसाचे पाय रोज निघोज्यापर्यंत झिजवायचे?

सकाळी त्याला चाक दिलं. नव्या चाकाला जे पडतात त्याच्या निम्मे पैसे ठरले, दोन पगारांत. फुकट देणार होतो. त्याने नको म्हटलं, आणि त्याचंच बरोबर होतं.

पुण्याला फोन केला. म्हटलं, फ्रेम, चिमटा, बीबी, क्रँक-चेनव्हील, कव्हर, बिल्ला, हे एकत्र जाईल. यातलं एकही सुटं मिळणार नाही. घंटी हवी तर वेगळी न्या.

ते थोडा वेळ गप्प होते. “फ्रेम ठेवायला जागा नाही हो माझ्याकडे.”

“मग मी थांबतो,” म्हटलं.

दादाला कळवलं. तोही थोडा वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, “आणि मागचं चाक?” मी म्हटलं, कुणी मागितलं तर जाईल. “बरं,” म्हणाला.

*

चाक मिस्त्रींनीच बसवून दिलं. चार तारा गंजून तुटल्या होत्या, त्या बदलल्या. मग चाक चिमट्यात फिरवत, खडू धरून, एकेक निपल आवळत आऊट काढला. मी तिथे नव्हतो. असतो तर पोचा राहू द्या म्हणालो असतो का, माहीत नाही. पोराला ब्रेक लागायला हवा. फाट्यावर ट्रक असतात.

काल त्याची सेकंड शिफ्ट होती. मी जागा होतो. सव्वाअकराच्या पुढे कधीतरी फाटकाची कडी वाजली. त्याआधी काहीच ऐकू आलं नाही.

सकाळी त्याची सायकल खोलीच्या भिंतीला टेकलेली होती. हँडल हिरोचं, चिमटा हिरोचा, चाक आबांचं. ३२ तारांतल्या चार पांढऱ्या चकाकत होत्या. मी खाली बसून रिमवरून बोट फिरवलं. पोचा बोटाला अजून लागतो. ब्रेकला लागत नाही.